डोंगराला घाम येऊ द्या

रशीदभाई,

तुमच्या मातीला आम्ही कुरवंड्याच्या सात-आठ बायका आलो होतो. आत यायचा प्रश्न नव्हता, म्हणून कबरस्तानाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलो. वैशाखातली दुपार. सावलीला एक झुडूपही नव्हतं. हौसाबाईंनी पदर कपाळावर ओढला आणि कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "भाई आसता तर पयलं हितं झाड का न्हाई म्हनून इचारलं आसतं." तेवढ्यात मुंबईची एक गाडी आमच्याशेजारी थांबली, काच खाली झाली आणि आतल्या मुलीनं धबधब्याचा रस्ता विचारला. मी सांगितलं की आत्ता धबधबा नाही, जुलैत या. ती म्हणाली, पण फोटोत तर आहे. मग काच वर झाली आणि गाडी गेली.

ही गोष्ट मला त्या क्षणी तुम्हाला सांगायची होती. तुम्ही आधी हसला असतात आणि मग अर्धा तास त्याच विषयावर बोलत बसला असतात. फाटकाच्या आत तुमच्यावर माती लोटत होते आणि मी बाहेर उभी राहून तुम्हाला काय काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते. इतक्या वर्षांची सवय एका दुपारीत कशी जाणार?

पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझं तुमच्याबद्दल चांगलं मत नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. लोणावळा-खंडाळ्यात जिथे म्हणून टेकडी कापून बंगल्यासाठी सपाट जागा केलेली दिसायची, तिथे तुमचं खोदाईचं मशीन कधी ना कधी उभं राहिलेलं असायचं. मी वर्गात मुलांना जमिनीची धूप शिकवायचे, आणि शाळेच्या खिडकीतून समोरच्या उतारावर तुमचं पिवळं मशीन दिसायचं. मुलं माझ्याकडे कमी आणि तिकडे जास्त बघायची.

निवृत्त झाले आणि गावातल्या बायकांनी मला झऱ्याच्या कामात ओढलं. आमचा झरा गावाच्या वरच्या अंगाला, उंबराखाली. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या वेळी तो बारा महिने वाहायचा. आमच्या वेळी होळी झाली की धार करंगळीएवढी व्हायची आणि पाडव्यानंतर तीही बंद. नळाला पाणी दिवसाआड, आलं तर. म्हणून वरच्या गायरानात चर खणायचं ठरलं. उताराला आडवे, एका पातळीत, म्हणजे पावसाचं पाणी धावत सुटणार नाही, थांबेल आणि जमिनीत मुरेल. बायकांनी कुदळी घेतल्या. वीतभर मातीखाली मुरूम लागला, मुरमाखाली कातळ. सगळ्यांच्या हातांना फोड आले आणि चर गुडघ्याइतकासुद्धा खोल झाला नाही. मग मीच वलवणला तुमच्याकडे आले.

तुम्ही मशीनला ग्रीस लावत होतात. माझं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बाई, हितं पाऊस बघायला लोकं मुंबईवरनं येत्यात. आन तुमाला पानी न्हाई?"

मी तुम्हाला वर्गातल्यासारखंच समजावलं. म्हटलं, आमच्या डोंगराची कातडी पातळ आहे. सकाळी पडलेलं पाणी दुपारी गावाखाली असतं, आणि संध्याकाळपर्यंत इंद्रायणीत नाहीतर घाट उतरून कोकणात. पाऊस कितीही पडो, डोंगराला काही लागत नाही. तुम्ही फडक्याला हात पुसत राहिलात. मग म्हणालात की ती कातडी सोलायचं कामच आम्ही करतो. हे मला बोलायचं होतं, आणि ते तुम्हीच बोलून टाकलंत. मग ठरलं ते एवढंच : शुक्रवारी मशीन बंद असतं, नमाज झाली की तुम्ही वर येणार, आणि डिझेल गाव भरणार.

त्या उन्हाळ्यात तुम्ही खरोखरच दर शुक्रवारी आलात. रमजान त्याच दिवसांत होता. तुम्ही तोंडात पाण्याचा थेंब न घेता उन्हात मशीन चालवत होतात, आणि आमच्या बायकांना ते बघवत नव्हतं. संध्याकाळी झऱ्यापाशी तुम्ही रोजा सोडायला बसायचात तेव्हा त्याही बसून राहायच्या, घरी चुली पेटवायच्या सोडून. झऱ्यात तेव्हा पाणी नव्हतंच. हौसाबाई घरून तांब्या भरून आणायच्या. तुम्ही खजूर सगळ्यांना वाटायचात आणि मग स्वतः खायचात. तुम्ही म्हणाला होतात की या उंबराखाली बसून त्याचंच पाणी पिऊन रोजा सोडायचा आहे एकदा. पुढे रमजान सरकत सरकत थंडीकडे गेला, झराही वाहता झाला, आणि ते जमलंसुद्धा. त्या दिवशी तुम्ही ओंजळ भरून घेतलीत आणि प्यायच्या आधी नुसती बघत राहिलात. हौसाबाईंनी शेवटी विचारलं, "आवं, प्या की."

पाण्यापुरतंच राहिलं असतं तर आपलं भांडण झालंच नसतं. पण तिसऱ्या की चौथ्या उन्हाळ्यात तुम्ही एक नवीनच गोष्ट डोक्यात घेऊन आलात. दिवसभर सपाट केलेल्या उघड्या मुरमावर काम करायचं आणि शुक्रवारी आमच्या गायरानात यायचं, तर केबिनमध्ये बसल्या बसल्या तुम्हाला फरक जाणवायचा. इथे गवत टिकत होतं, कारवीची झुडपं माजली होती, लावलेली जांभळं-करंज डोक्यावर गेले होते. फोनवर तुम्ही कुठल्या कुठल्या देशांतली माणसं बघितली होतीत, जी सबंध मुलुखात पाणी मुरवून मुलूखच गार करायच्या गोष्टी बोलत होती. तुम्ही माझ्या ओट्यावर येऊन बसलात, चहा तसाच ठेवलात आणि म्हणालात, "बाई, मानसाला घाम आला आन वारा लागला का गार वाटतं का न्हाई? झाडं, गवात, वली माती, ही डोंगराची घाम यायची जागा. आपुन पानी ठिवतच न्हाई, मंग घाम कुटनं येनार? डोंगराला घाम येऊ द्या. तो गार ऱ्हाईल, आपुन बी ऱ्हाऊ."

मी म्हटलं शास्त्र बरोबर आहे, प्रमाण चुकतंय. एका गायरानाचा घाम वारा घटकाभरात पुण्याकडे घेऊन जाईल. आणि ढग आपल्या चरांतून येत नाहीत, समुद्रावरून येतात. तुम्ही म्हणालात की पावसाचं कोण बोलतंय, मी उन्हाळ्याचं बोलतोय. आणि एक गायरान पुरत नसेल तर सगळी करू.

सगळी म्हणजे तुमच्या मनात खरंच सगळी होती. नागफणीपासून लोहगड-विसापूर, तुंग, तिकोना, पवनेच्या दोन्ही अंगांचे डोंगर, पुढे मुळशीपर्यंत. प्रत्येक उतारावर चर, प्रत्येक सपाटीवर तळं, प्रत्येक ओढ्यात अडवलेलं पाणी. तुम्ही ते हातानं हवेत काढून दाखवायचात. मला ते ऐकून थकवा यायचा. एका गावाला एका गायरानासाठी तयार करताना माझी दमछाक झाली होती, आणि तुम्ही तालुक्याच्या बाहेर जाऊन पोचला होतात.

मग मी शाळेतून जुने दोन तापमापक आणले. एक उघड्या मुरमावर काठीला बांधला, एक कारवीत. दुपारी आकडे बघून तुम्ही लहान मुलासारखे खूश झालात. मी म्हटलं ही सावलीची करामत. तुम्ही तो उघड्या गवतात नेऊन बांधायला लावलात. फरक उरला, पण पहिल्याइतका नाही. मी म्हटलं हा वारा. तुम्ही म्हणालात, वारा दोन्हीकडं सारखाच की. हे कित्येक शुक्रवार चाललं आणि कधीच निकाली निघालं नाही. हौसाबाई म्हणायच्या, भांडायला आणखी काही मिळालं नाही का तुम्हाला.

आणि मग तो पावसाळा. मी सांगितलं होतं की गावाच्या डोक्यावरचा उभा उतार सोडा. तिथे पाणी मुरवणं धोक्याचं, माती जड होते आणि सुटते. तुम्ही ऐकलं नाहीत. एक चर, फक्त एक, तुम्ही त्या उतारावर मारलात. जुलैत सलग पाऊस लागला आणि एका सकाळी चराचा काठ फुटून चिखल खाली आला तो थेट हौसाबाईंच्या गोठ्यात. जनावरं वेळेत सोडली म्हणून वाचली. गोठ्याची एक भिंत गेली.

तुम्ही कळल्या कळल्या आलात. बोळातून मशीन जाईना, म्हणून पावसात फावडं घेऊन उतरलात. चार दिवस रोज येत होतात. भिंत बांधून दिलीत. गावात बैठक झाली तेव्हा काही माणसं तावातावानं बोलली, ज्यांनी कधी एक पाटी उचलली नव्हती ती जास्त. तुम्ही मागे उभे होतात. पुढे आलात आणि एवढंच म्हणालात, "माझं चुकलं. बाईंनी सांगितलं व्हतं. ह्यो चर मी बुजवतो. बाकीचं बुजवू नका, येवढं ऐका माझं." मग हौसाबाईच बोलल्या. म्हणाल्या, गोठा माझा पडला, तक्रार माझी असायला पाहिजे, आणि माझी काही तक्रार नाही. त्यावर विषय संपला. उभ्या उतारावर नंतर आपण नुसतं गवत आणि झाडं धरली. झरा त्या वर्षी मृग लागेपर्यंत वाहिला. कुणी गाजावाजा केला नाही. बायका सकाळी हंडे घेऊन जायच्या आणि परत यायच्या, तेवढंच.

आता ज्या गोष्टीवर आपलं बोलणं तुटलं तिच्याकडे येते. टाळता येत नाही.

गायरानाला लागून वरच्या अंगाची, मधून ओढा वाहणारी खासगी जमीन विकली गेली. घेणाऱ्याला तिथे बंगले बांधायचे होते. आधीच्या मालकाच्या परवानगीनं आपण तिथेही चर काढले होते, झाडं लावली होती. एका सकाळी वरून मशीनचा आवाज आला. मी चढून गेले, आणि केबिनमध्ये तुम्ही होतात.

मला वाटलं, ऊन लागून डोळ्यांना भलतंच दिसतंय. तुम्ही मशीन बंद केलंत आणि खाली उतरलात. तुम्हीच म्हणालात, "मी न्हाई म्हनलं आसतं तर दुसरं मशीन आलं आसतं. त्यानं वढा बी बुजवला आसता. मी वढ्याची वाट ठिवतोय. मालकाशी तेवढं ठरवून घेतलंय."

मी म्हटलं, "मग दुसऱ्याला येऊ द्यायचं होतं." आणि उतरून आले.

पुढे पावसाळा गेला, हिवाळा गेला, मी तुमच्याशी बोलले नाही. ओढ्याची वाट तुम्ही खरंच ठेवलीत. दोन्ही बाजूंना दगड रचून, रुंद, नीट. पावसात पाणी तिथूनच वाहिलं आणि गावाला त्रास झाला नाही. झरा मात्र यंदा अक्षय्य तृतीयेच्या आधी आटला. वरचे चर राहिले असते तर टिकला असता, की पाऊसच कमी होता, हे मला सांगता येणार नाही. तुम्हालाही येणार नाही.

रशीदभाई, माणूस गेला की त्याचं सगळंच पटायला लागतं म्हणतात. मला पटलेलं नाही. तुम्ही ते काम घ्यायला नको होतं, असं मला आजही वाटतं. ती झाडं तुम्ही स्वतःच्या हातांनी लावली होतीत आणि स्वतःच्या मशीननं उपटलीत, हे मला गिळता आलेलं नाही. आणि तरीही त्या ओढ्याच्या काठानं जाताना दगडांची ती रचना बघते तेव्हा कळतं की दुसऱ्या कुणीही एवढा वेळ तिथे घालवला नसता. या दोन्ही गोष्टी माझ्यात शेजारी शेजारी राहतात. त्यांचं एकमेकींशी पटत नाही. मी मधे पडत नाही, मला आता तेवढी ताकद नाही.

यंदा शिमग्याच्या सुमारास तुम्ही मला कुरवंड्याच्या रस्त्यात गाठलंत. मी पायी चालले होते, हातात भाजीची पिशवी. तुम्ही जीप थांबवलीत, उतरलात, आणि माझ्या शेजारून चालू लागलात. गाडी तशीच रस्त्यात. बरंच चाललो. मग विचारलंत, "बाई, राग हाय का अजून?"

"आहे."

"ऱ्हाऊ द्या. पर बोला तरी."

मला हसू आलं, काय करणार? मग आपण पुन्हा बोलू लागलो. तुमचे केस पांढरे झाले होते, चढावर धाप लागत होती. मी डॉक्टरांकडे जायला सांगितलं, तुम्ही हो म्हणालात. वर गायरानात गेलो तर चरांत गाळ भरलेला होता. तुम्ही काठावर बसलात आणि म्हणालात की हे दरवर्षी काढायचं, दरवर्षी भरायचं, याला अंत नाही. असं तुम्ही याआधी कधी बोलला नव्हतात. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही दमला होतात. मीही दमले होते. आपण दोघं कामाला लागलो तेव्हा मार्चमध्ये पहाटे पांघरूण लागायचं. आता शिमग्यालाच घरोघर पंखे फिरतात, कुठे कुठे एसीसुद्धा. आपल्या गायरानाच्या दसपट टेकड्या तेवढ्या काळात सोलून झाल्या. असं असताना आपण दोघं कोण लागून गेलो, असं माझ्या मनात येत होतं. तुमच्याही आलं असणार.

महिना-दीड महिना गेला असेल. दुपारी, कुठल्याशा साइटवर, तुम्हाला केबिनमध्ये चक्कर आली. मशीन बंद करून तुम्ही खाली उतरलात, सावली शोधायला चार पावलं गेलात, आणि पडलात. तुमच्या घरी मेहरूनभाभींनी मला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. डॉक्टर म्हणाले हृदय. हृदयच असेल. त्या साइटवर सावली नव्हती, हे भाभी दोनदा बोलल्या.

तुम्ही जाऊन थोडे दिवस झाले आणि मला एक फोन आला. पवन मावळातल्या, डोंगरावरच्या एका वाडीतली माणसं लोणावळ्याच्या स्टँडवर उभी होती. त्यांच्या वाडीतून खाली धरणाचं पाणी दिसतं आणि वर उन्हाळ्यात टँकर चढतो. तुम्ही त्यांना आपलं काम बघायला बोलावलं होतंत, वर भाकरी कुरवंड्यात मिळेल असंही कबूल करून ठेवलं होतंत. मला यातलं काहीच सांगितलं नव्हतंत. तुमचा फोन लागला नाही तर करायला म्हणून माझा नंबर दिला होतात. मी त्यांना फोनवरच सांगितलं की भाई गेले. पलीकडचा माणूस म्हणाला की आम्ही माघारी जातो, बाई, आता कशाला. माझ्या मनात आलं, जा. खरंच आलं. गुडघे दुखत होते, ऊन मी म्हणत होतं. पण तोंडातून निघालं की रिक्षा करा आणि या.

हौसाबाईंनी भाकऱ्या थापायला घेतल्या आणि मी त्यांना वर घेऊन गेले. चर दाखवले, गाळ दाखवला. गोठ्यावर आलेला चिखलही सांगितला, उभ्या उतारावर चर मारू नका म्हणून बजावलं. बंगल्यांची सपाट केलेली जागा आणि मधून जाणारा ओढा त्यांनी आपणहून बघितला, विचारलं, मी सांगितलं. कुणाचं काम तेही सांगितलं. तरणी माणसं भराभर पुढे गेली. त्यांच्यात एक म्हातारे होते, सगळे त्यांना आबा म्हणत. ते आणि मी मागे पडलो. जांभळांपाशी आल्यावर त्यांनी काठी टेकली.

"भाई आमच्या वाडीत आल्ता तवा म्हनला व्हता, का चर मारलं, झाडं धरली, तर हवा गार व्हती," ते म्हणाले. "खरं का वो, बाई?"

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. शास्त्र बरोबर आहे, प्रमाण चुकतंय. सावली वेगळी, हवा वेगळी. एका डोंगरानं काही होत नाही. तुम्ही गेल्याला महिनाही झाला नव्हता आणि ते सगळं माझ्या जिभेवर तयार होतं. हो म्हणून टाकावं असंही वाटलं, तुमच्यासाठी. तेही जमेना.

मी म्हटलं, "आबा, आधी बसा जरा."

ते बसले. मीही बसले. खाली उघड्या मुरमावर ऊन तळपत होतं, त्याच्याकडे बघवत नव्हतं. इथे पालापाचोळा दाट पडला होता आणि हात टेकला तर खालची माती गरम लागत नव्हती. आबांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि घाटाकडून वारा येत होता तिकडे तोंड करून राहिले. आपल्या वाडीतल्या बायका टँकरमागे कशा धावतात ते सांगू लागले. सांगता सांगता त्यांचा आवाज मंद झाला, मग थांबला. बघितलं तर टोपी उशाला घेऊन ते आडवे झाले होते आणि झोपले होते.

खालून हौसाबाईंची हाक आली, भाकऱ्या झाल्या म्हणून. बाकीची माणसं झऱ्याकडून उतरायला लागली होती. मी हातानंच सांगितलं की तुम्ही जेवून घ्या. आबांना मी उठवलं नाही, भाई. थोडा वेळ त्यांचा श्वास ऐकत बसले. मग मीही चराच्या काठाला पाठ टेकली. खूप दिवसांनी.